भाकरीचं पीठ आधी काट्यावर: मधुमेह आणि वजनाबद्दल सोलापूरच्या वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं आहाराबद्दल आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांत एकच समज दिसतो: घरात ज्वारी खाल्ली जाते, म्हणजे साखरेची काळजी नको. म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलं आहे. पुढच्या उत्तरांत त्यातल्या मापांचा उल्लेख येतो, तेव्हा ते आधी वाचावं.

प्रश्न: वय 46, उंची 168 सेंमी, वजन 81 किलो. कामाचं स्वरूप बैठं. तीन महिन्यांपूर्वी उपाशीपोटी साखर 114 आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) 6.2 आली. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण वजन उतरवा. त्या दिवसापासून चपाती पूर्ण बंद केली. दोन्ही वेळा दोन-दोन ज्वारीच्या भाकऱ्या, शेंगाचटणी, आमटी, थोडा भात. सकाळी सुशीला (फोडणी दिलेले भिजवलेले चुरमुरे) किंवा पोहे. गोड जवळपास सोडलं. तरी वजन जागचं हललं नाही. चुकतंय कुठे?
*(एक वाचक, जुळे सोलापूर)*

उत्तर: तुमची चूक पिठाच्या वजनात आहे. घरची चपाती साधारण 30 ग्रॅम कणकेची होते. पूर्वी चार खात असाल तर 120 ग्रॅम कणीक पोटात जात होती. आपल्याकडची परातीत थापलेली मोठी भाकरी 80 ते 100 ग्रॅम पीठ घेते. दोन भाकऱ्या म्हणजे 180 ग्रॅमच्या आसपास. चपाती सोडून तुम्ही पीठ दीडपट केलंत. आकडा लहान दिसतो म्हणून ते लक्षात येत नाही.

100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदकं सुमारे 68 ग्रॅम आणि ऊर्जा सुमारे 335 कॅलरी. तेवढ्याच गव्हाच्या कणकेत कर्बोदकं 64 ते 65 ग्रॅम, ऊर्जा 320. दोन्हींत प्रथिनं आणि तंतूही जवळजवळ सारखे. आपली मालदांडी ज्वारी चवीला उत्तम, पोटाला हलकी वाटते, चपातीसारखं तिला तेल लावावं लागत नाही, हे सगळं खरं. पण रक्तातली साखर पिठाच्या वजनाप्रमाणेच वाढते. भाकरी सोडायची गरज नाही, तिचं माप ठरवायचं आहे.

स्वयंपाकघरात ठेवायचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा इलेक्ट्रॉनिक काटा घ्या. घरात जशी भाकरी होते तशी एकदा होऊ द्या, फक्त पीठ परातीत घेण्याआधी मोजा. आपण रोज किती खातो ते पहिल्यांदा कळेल. मग 60 ग्रॅम पीठ मोजून एका वाटीत भरा आणि ते जिथवर येतं तिथे आतून खूण करा. पुढे रोज काटा लागत नाही, वाटी पुरते. तेवढ्याच पिठाची, पातळ थापलेली एक भाकरी दुपारी आणि एक रात्री. पीठ चाळून कोंडा टाकू नका.

कडक भाकरीबद्दल वेगळं सांगायला हवं. ताज्या भाकरीत पाणी बरंच असतं, म्हणून 50 ग्रॅम ताज्या भाकरीत पीठ साधारण 30 ग्रॅमच. कडक भाकरीतलं पाणी उडून गेलेलं असतं, त्यामुळे तिचे 50 ग्रॅम म्हणजे जवळपास सगळं पीठच. हाताला हलकी लागते, आमटीत चुरली की मऊ होते आणि चावण्याचे कष्टही राहत नाहीत. दोन कधी संपल्या कळत नाही. प्रवासात किंवा कामावर नेणार असाल तर घरूनच एक काढून न्या, थप्पी समोर ठेवून बसू नका.

आता शेंगाचटणी. पाट्यावर किंवा उखळात कुटून तेल सुटलेली आपली चटणी म्हणजे बहुतांश शेंगदाणेच. एका भरगच्च मोठ्या चमच्यात सुमारे 15 ग्रॅम चटणी बसते, 80 कॅलरी. तिने साखर फारशी वाढत नाही, वजन मात्र अडतं. त्यावर कच्चं तेल ओतलं की एका मोठ्या चमच्याला आणखी 120 कॅलरी. तेलाऐवजी दह्यात कालवा आणि जेवणाला एकच चमचा घ्या. घरातलं महिन्याचं तेल माणशी अर्धा लिटर, फार तर 600 मिली, यापुढे जाऊ नये. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटरचा डबा रिकामा होत असेल तर तिथेही हात आखडायला हवा.

भाकरी कमी केल्यावर भूक लागणारच. तिची सोय आधी करा, नाहीतर आठवड्यात गाडी मूळ पदावर येते. ताटाचा अर्धा भाग भाज्यांनी भरा: शेपू, तांदुळजा, अंबाडी, घोळ, दोडका, वांगी, गवार, जी मंडईत स्वस्त असेल ती, एका माणसाच्या भाजीला एक छोटा चमचा तेल. पाव भाग प्रथिनांचा: मटकीची किंवा हुलग्याची दाट उसळ मोठी वाटीभर, नाहीतर दोन अंडी, नाहीतर 100 ग्रॅम चिकन. पातळ आमटी इथे धरू नका, तिच्या वाटीत डाळ जेमतेम दोन चमचे असते. उरलेल्या पाव भागात ती मोजलेली भाकरी. भात हवाच असेल त्या दिवशी भाकरी अर्धी.

जेवायला बसल्यावर आधी भाजी आणि उसळ निम्मी संपवा, मग भाकरीला हात घाला. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर सावकाश रिकामं होतं आणि साखर एकदम उसळत नाही. यात खर्च काही नाही, आणि फरक ग्लुकोमीटरवर दिसतो.

सकाळचं सुशीला आणि पोहे आठवड्यातून एकदाच. चुरमुरे वजनाला हलके, पण शुद्ध स्टार्च, झटपट पचणारे. त्याऐवजी मूगडाळीची धिरडी, वाफवलेली मटकी किंवा अंडी. संध्याकाळी पाचच्या भुकेला भडंग नको, मूठभर फुटाणे घ्या: 30 ग्रॅममध्ये सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं मिळतात. चहाचाही हिशेब करा. दिवसाचे पाच कप आणि प्रत्येकी दोन चमचे साखर म्हणजे 50 ग्रॅम साखर, 200 कॅलरी. गोड सोडलं असं लिहिणाऱ्यांच्या यादीत चहा बहुधा नसतो.

हे सगळं धरून रोज साधारण 500 कॅलरी कमी होतात. सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो उतरेल, पुढे वेग मंदावेल, कारण हलक्या शरीराचा रोजचा खर्चही कमी होतो. तेव्हा उपाय थांबला असं समजू नका. पहिलं लक्ष्य 75 किलो ठेवा, म्हणजे वजनाच्या सात टक्के घट. हा आकडा हवेतला नाही. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात सात टक्के वजन उतरवण्याचं आणि आठवड्याला 150 मिनिटं चालण्याचं ध्येय दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. त्याच अभ्यासात मेटफॉर्मिनच्या गोळीने ते 31 टक्क्यांनी कमी झालं. चेन्नईच्या 2006 च्या अभ्यासात, आपल्यासारख्याच भारतीय लोकांत, आहार-व्यायामाने 28.5 टक्के फायदा दिसला, आणि तिथे वजन फारसं उतरलेलं नसतानाही. म्हणून काटा हलला नाही त्या आठवड्यात चालणं सोडू नका.

वजन आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर. कंबर महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून. पुरुषांची 90 सेंमीच्या आत आणि बायकांची 80 च्या आत हवी. एचबीएवनसी तीन महिन्यांनी. त्याआधी करण्यात अर्थ नाही, कारण ती चाचणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते.

प्रश्न: माझी आई 58 वर्षांची. तीस वर्षं विड्या वळते, सकाळपासून मांडी घालून बसलेली असते. सात-आठ वर्षं मधुमेह आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी सकाळ-संध्याकाळ. आमच्याकडे पप्पू (डाळ), चारू (चिंचेचं पातळ सार) आणि भात हेच जेवण. वजन कमी करायचं म्हणून तिने रात्रीचं जेवण सोडलं. मागच्या आठवड्यात रात्री तिला दरदरून घाम आला, हात थरथरत होते, बोलणं तुटक झालं. मशीनवर साखर 54. पेढा दिल्यावर बऱ्याच वेळाने बरं वाटलं. आता ती घाबरून जास्तच खाते.
*(एक वाचक, अशोक चौक परिसर)*

उत्तर: आईंना आज रात्रीपासून जेवायला सांगा आणि या आठवड्यातच डॉक्टरांना भेटून ही घटना मशीनच्या आकड्यासह सांगा. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, तुम्ही जेवा अथवा न जेवा. संध्याकाळची गोळी घेतली आणि जेवण सोडलं, की साखर खाली जाणारच. मूत्रपिंडाचं काम मंदावलं असेल तर हे औषध शरीरात जास्त वेळ राहतं आणि पुन्हा पुन्हा असं होऊ शकतं, म्हणून क्रिएटिनिनची तपासणी झालेली नसेल तर करून घ्या. जेवण कमी करायचं ठरलं की या गोळीचा डोस कमी करावा लागतो, कधी बंदही करावी लागते. हा निर्णय डॉक्टरांचा. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर एवढा धोका नव्हता.

पेढ्याने वेळ लागला, कारण त्यातलं तूप-खवा साखर रक्तात पोचायला उशीर लावतात. साखर 70 च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर अर्ध्या पेल्यात ढवळून द्यायची, 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून 70 च्या खाली असेल तर तेवढंच पुन्हा. वर आल्यावर थोडं जेवण किंवा वाटीभर दूधभात, म्हणजे परत खाली जात नाही. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा आणि 108 ला फोन करा. साखरेची पुडी विड्यांच्या सुपाशेजारीही असू द्या.

भात तोडायची गरज नाही. सगळ्या घराचा भात एका पातेल्यात शिजतो, तेव्हा कच्चे तांदूळ मोजणं अवघड, म्हणून शिजलेला मोजा. सपाट भरलेली साधारण 150 मिलीची वाटी म्हणजे सुमारे 120 ग्रॅम भात, त्यात कर्बोदकं 33 ग्रॅमच्या आसपास. दुपारी अशी दीड वाटी, रात्री एक. पप्पू मात्र घट्ट हवं, पळीवर उभं राहील असं, आणि वाटीभर. पालेभाजी घालून केलेलं पप्पू तर उत्तमच. चारूमध्ये पाणी आणि चिंच, त्यात डाळ नावालाच. भात-चारूचं ताट पोट भरतं, पण दोन तासांत पुन्हा भूक लागते, आणि मग डबा उघडला जातो. दुपारी एक अंडं किंवा वाटीभर दही जोडा.

बसून राहण्याचा भाग आहाराइतकाच मोठा आहे. मांडीचे आणि पोटऱ्यांचे स्नायू हलले की ते इन्सुलिनच्या फारशा मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. तासन्‌तास ते थंड पडून राहिले की तीच साखर रक्तात फिरत राहते. हजार विड्यांना दिवस जात असेल, तर पन्नास झाल्या की उठायचं असा नेम करा. म्हणजे साधारण अर्ध्या तासाने एकदा उठणं होतं. उठून भिंतीला हात टेकवायचे, वीस वेळा टाचा वर-खाली करायच्या, पाणी प्यायचं, परत बसायचं. दोन मिनिटांच्या वर वेळ जात नाही आणि मजुरीही बुडत नाही. दोन्ही जेवणांनंतर गल्लीत दहा-पंधरा मिनिटं चालणं. पहाटे तासभर फिरायला जा, असं त्यांना सांगण्यात अर्थ नाही. चूल, पाणी आणि कारखान्याची वेळ सांभाळणाऱ्या बाईला तो तास मिळणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यावर जीवनसत्त्व बी 12 कमी होऊ शकतं. मांसाहार कमी असेल तर लवकर. तळपायांना मुंग्या, जळजळ असेल तर ती मधुमेहामुळेच असं धरून चालू नका, बी 12 तपासा. ते भरून काढता येतं.

प्रश्न: महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि श्रावणी सोमवार करते. उपवासाला साबुदाणा खिचडी खाल्ली की दुसऱ्या दिवशी साखर वाढलेली असते. उपवास सोडवत नाही. काय खाऊ?
*(एक वाचक, पंढरपूर)*

उत्तर: उपवास सोडू नका, साबुदाणा सोडा. 60 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 52-53 ग्रॅम स्टार्च आणि प्रथिनं अर्धा ग्रॅमही नाहीत. वर दाण्याचा कूट आणि तूप धरलं तर एका ताटलीची ऊर्जा मोजलेल्या दोन भाकऱ्यांएवढी होते, आणि घरोघरी ती ताटली दोनदा भरते. 40 ग्रॅम भगर घ्या, ती मोकळी शिजवा आणि दाण्याची आमटी वाटीभर, दही वाटीभर, काकडीची कोशिंबीर जोडा. राजगिऱ्याचं थालीपीठ चालेल, राजगिऱ्याचा गुळातला लाडू नको. रताळी-बटाटे भगरीच्या जोडीला नकोत, भगरीऐवजी खा, एक मध्यम आकाराचं. फळांत पेरू किंवा पपई. खजूर दोनच्या पुढे नको, त्यात वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश साखर असते.

निर्जळी करणाऱ्यांनी औषधांची नावं पाहावीत. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर काढतात. त्या चालू असताना अन्नपाणी तोडलं तर शरीर कोरडं पडतं आणि रक्तात आम्ल साचू शकतं, तेही साखरेचा आकडा फारसा वाढलेला नसताना. मळमळ, पोटदुखी, जोराचा श्वास ही त्याची चिन्हं, आणि ती दिसली तर घरी थांबायचं नाही. आषाढीच्या आधीच डॉक्टरांना विचारून त्या दिवसांपुरती गोळी थांबवायची का, हे ठरवून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनीही तसंच. वारीत चालणाऱ्यांनी अनवाणी चालू नये, मधुमेहात पायाला लागलेलं कळत नाही. मुक्कामाला पोचल्यावर तळवे आणि बोटांच्या बेचक्या रोज उजेडात बघा.

प्रश्न: साखरेऐवजी गूळ चालतो का? आणि शेतात डाळिंब आहे, रस काढून रोज पितो. हुरड्याचं काय?
*(एक वाचक, सांगोला)*

उत्तर: गूळ चालत नाही. 100 ग्रॅम गुळात 80 ते 85 ग्रॅम साखरच असते, आणि त्यातलं लोह चहातल्या चमचाभर गुळाने भरून निघत नाही. डाळिंब खा, पण दाणे. मध्यम फळाचे निम्मे दाणे एका वेळी, जेवणानंतर लगेच नको, मधल्या वेळी. रसाच्या पेल्याला दोन-तीन फळं लागतात, तंतू चोथ्यात राहतात आणि साखर पाच मिनिटांत पोटात जाते. रसवंतीवरच्या मोठ्या पेल्यात 30 ग्रॅमच्या आसपास साखर असते, लिंबू-आलं घातलं तरी ती तेवढीच. हुरडा हा ज्वारीचाच कोवळा दाणा. ज्या दिवशी हुरडा, त्या जेवणात भाकरी नाही, आणि सोबतीला गूळ-रेवड्यांऐवजी दही व चटणी.

प्रश्न: मी बारीक आहे. उंची 170, वजन 60, कंबर 93 सेंमी. टॉवेलच्या कारखान्यात उभ्याचं काम. तरी मधुमेह निघाला, एचबीएवनसी 7.4. मी वजन कमी करायचं की वाढवायचं? शेजारी म्हणतात, बारीक माणसाला हा होतच नाही, तपासणी चुकली असेल.
*(एक वाचक, अक्कलकोट रोड)*

उत्तर: तपासणी दुसऱ्या दिवशी पुन्हा करून खात्री करणं योग्यच, पण बारीक माणसाला मधुमेह होत नाही हे खरं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं हाच विषय अभ्यासला. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटनच्या डॉ. युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली होती: दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपल्या लोकांत हातपाय बारीक आणि चरबी पोटात, यकृताभोवती, असं फार दिसतं. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय 23 च्या पुढे जास्त वजन आणि 25 च्या पुढे लठ्ठपणा धरतात. तुमचा बीएमआय 21 च्या आत आहे, कंबर मात्र 93. तुमचं दुखणं तिथे आहे.

तुम्ही जेवण तोडू नका. कर्बोदकं मापात, पहिल्या उत्तरात दिली तशी, पण प्रथिनं जास्त: दिवसाला 60 ते 70 ग्रॅमपर्यंत. दोन अंडी 12 ग्रॅम, 30 ग्रॅम कोरडे सोया चंक्स 15 ग्रॅम, दोन वाट्या दाट डाळ-उसळ 14-15 ग्रॅम, दोन वाट्या दही 10 ग्रॅम, आणि उरलेली भाकरीतून येतात. मूत्रपिंडाचा त्रास निघाला असेल तर हा आकडा डॉक्टरांकडून घ्या. आणि स्नायू कमवा. उभ्याने काम केल्याने पाय दुखतात, स्नायू वाढत नाहीत. एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकवता उठणं-बसणं दहा वेळा, भिंतीवर हात रोवून दंड दहा, पाच लिटरचा पाण्याचा कॅन कमरेपासून छातीपर्यंत उचलणं दहा वेळा, असे तीन फेरे. सोपं वाटायला लागलं की वजन वाढवा. श्वास रोखून जोर लावू नका.

प्रयत्न न करता वजन उतरतंय, सारखी तहान लागते, रात्री तीन-चारदा उठावं लागतं, असं असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा शरीरात इन्सुलिनच कमी पडत असण्याची शक्यता असते. सी-पेप्टाइड आणि जीएडी अँटिबॉडी या चाचण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. तो प्रकार आहार-व्यायामाने सावरत नाही, इन्सुलिन लागतं, आणि उशीर केला तर जिवावर बेततं.

प्रश्न: ‘तीन महिन्यांत मधुमेहमुक्ती, गोळ्या बंद’ अशा जाहिराती रोज दिसतात. दिवसातून दोनदाच, 55 मिनिटांत जेवायचं, हेही बरेच जण करतात. मला मधुमेह होऊन दोन वर्षं झाली, वजन 88 किलो. खरंच गोळ्या सुटतात का?
*(एक वाचक, होटगी रोड)*

उत्तर: काहींच्या सुटतात, आणि कोणाच्या सुटतात हे आता बरंच कळलेलं आहे. ब्रिटनमध्ये 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायरेक्ट’ या अभ्यासात मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आत असलेले, इन्सुलिन न घेणारे, वजन जास्त असलेले लोक घेतले होते. त्यांना तीन ते पाच महिने दिवसाला 825 ते 853 कॅलरींचा द्रव आहार दिला. वर्षाअखेर 46 टक्के लोकांची साखर गोळ्यांविना आटोक्यात होती. ज्यांचं वजन 15 किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण 86 टक्के. यकृत आणि स्वादुपिंडातली चरबी उतरली की इन्सुलिन पुन्हा सोडलं जातं, हे त्यामागचं कारण. पण दोन वर्षांनी आकडा 36 टक्क्यांवर आला, कारण वजन परत चढलं की साखरही परत येते. म्हणून डॉक्टर याला बरं होणं म्हणत नाहीत. औषध बंद करून किमान तीन महिने एचबीएवनसी 6.5 च्या खाली राहिलं, तरच मधुमेहाने माघार घेतली (रेमिशन) असं मानतात.

तुम्ही दोनच वर्षांचे रुग्ण आहात, म्हणजे तुमची संधी चांगली आहे, ती दवडू नका. पण त्या अभ्यासात औषधं डॉक्टरांनी थांबवली होती आणि रुग्ण त्यांच्या नजरेखाली होते. जाहिरात वाचून स्वतः गोळी सोडणं आणि 850 कॅलरींवर जाणं, या दोन्ही गोष्टी घरच्या घरी करायच्या नाहीत. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर वजन उतरताना दाबही उतरतो, उठल्यावर चक्कर येते. आणि सुरुवात करण्याआधी डोळ्याचा पडदा तपासून घ्या. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने खाली आली तर पडद्याचं आधीचं दुखणं तात्पुरतं बळावू शकतं. हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

दोन वेळच्या जेवणाचा फायदा होतो तो मधले चहा-बिस्किटं, चिवडा, भडंग, पाव-चटणी सुटल्यामुळे. 55 मिनिटं मिळाली म्हणून त्यात चार भाकऱ्या आणि वर गोड बसवलं तर एकूण खाणं तेवढंच राहतं, फक्त साखरेचे चढ मोठे होतात. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणांत पडणारं मोठं अंतर धोक्याचं, त्याचं कारण वर आईंच्या उत्तरात आलंच आहे.

काय जमतंय ते ग्लुकोमीटरने तपासा. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजा, जेवण संपल्यापासून नव्हे. एक दिवस दीड भाकरी, दुसऱ्या दिवशी तीच भाजी-उसळ आणि मोजलेली एक, तिसऱ्या दिवशी मोजलेली एक आणि वर पंधरा मिनिटं चालणं. बहुतेकांना दोन तासांचा आकडा 180 च्या आत हवा. आधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. बोटावर फळाचा किंवा गुळाचा अंश राहिला तर आकडा खोटा चढतो. सॅनिटायझर लावून लगेच टोचू नका, वाळू द्या. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की दमटपणाने त्या बिघडतात, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत ठेवल्या तर उष्णतेनेही. माठाजवळ किंवा खिडकीत नको, कपाटात ठेवा. हे आकडे तारखेसह वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या. गोळी कमी करायची का, हे ते त्यावरून आणि तीन महिन्यांच्या एचबीएवनसीवरून ठरवतील. गोळ्या सुटल्या तरी पहिलं वर्षभर तीन महिन्यांनी आणि पुढे निदान वर्षातून एकदा ती चाचणी, डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन तपासत राहा.